बंद पाकिटातली चाल

नंदलालपुऱ्यात, भाजीबाजाराच्या वर,
जिथे जिन्यात कोथिंबिरीचा वास अडकून राहतो,
माझा वर्ग भरतो.
सोळा पट, अकरा घड्याळं.
एक पांढरा हत्ती हरवलाय, त्याच्या जागी
औषधाच्या बाटलीचं बूच.
मुलांना त्याचं काही वाटत नाही.
बूचही सरळच चालतं.

पाटीवर लिहिलंय: ग्रँडमास्टर मुंगी.
खालचा लसूणवाला विचारतो,
म्हणजे नेमकं काय मिळतं हो?
मी सांगतो, सोमवार-गुरुवारची फी.

एकोणीस वर्षं मी गावोगाव जाऊन बसलो.
कटकला कुरकुरणाऱ्या पंख्याखाली,
ताश्कंदला पोट बिघडलेलं असताना,
भिलवाड्याला, ज्या दुपारी इकडे एमवायमध्ये
आईला ऑपरेशनला आत नेत होते
आणि माझ्याकडे एक हत्ती, दोन प्यादी उरली होती.
सत्त्याण्णव चाली. बरोबरी.
फोन नंतर केला.

मुलांना सांगतो:
आधी डोळे, मग हात.
हात लागला की तीच सोंगटी चालायची.
आणि बरोबरी मागायची नाही.
पटावर लाकूड आहे तोवर खेळायचं.

परवा, सोमवारी, तनिष्का नीमा, वय अकरा,
(वडिलांचा शेवेचा कारखाना, वहीला लवंगेचा वास)
माझ्यासमोर एक डाव मांडून बसली.
मला ओळखायला दोन क्षण लागले,
जुन्या फोटोत आपलाच शर्ट ओळखायला लागावेत तसे.
सुबोटिका. शेवटची फेरी.
अर्धा गुण मिळाला की किताब.
बाविसाव्या चालीला मीच हात पुढे केला होता.

"सर, आप तो जीत रहे थे,"
म्हणाली,
आणि उंट एक घर मागे घेऊन दाखवला.

उत्तरं होती माझ्याकडे, वर्षानुवर्षं इस्त्री करून ठेवलेली:
ताप होता. समोरचा म्हातारा सारखा खोकत होता.
परतीचं तिकीट त्याच रात्रीचं होतं.
किताब होता ना, वेडे, किताब.
त्यातलं एकही तिच्या मापाचं नव्हतं.

उंट मी पाहिला होता.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
पाहिला होता, आणि त्याच्या पुढे जो काळोख दिसला
तो जिंकण्याचाच असेल कदाचित,
पण काळोखच.

म्हटलं, चल. तू मी हो.
मी तो म्हातारा होतो.
(खोकला आहेच.)

केसाचं टोक तोंडात धरून ती विचार करत राहिली.
बाकीची मुलं गेली, खाली टोपल्या रचल्याचे आवाज आले,
आणि मी जीव तोडून त्या परक्या माणसाचा राजा वाचवत होतो.
स्वतःविरुद्ध इतका चांगला
मी कधी खेळलो नव्हतो.

साडेसातला तिच्या वडिलांच्या स्कूटरचा भोंगा.
चाल तिची. डाव अर्धा.
मग मी तिला आमच्या लहानपणची रीत सांगितली:
चाल लिही, दाखवू नकोस, पाकिटात बंद कर,
डाव पुन्हा मांडला की उघडायचं.
तिला फार मजा वाटली.
फीचंच पाकीट घेतलं, पैसे काढून माझ्या हातात दिले,
परीक्षेत लपवतात तसा डावा हात आडवा धरून लिहिलं,
आणि जिभेने चिकटवलं.
जोडावर तिची सही, माझी सही.

पट तसाच आहे.
लीलाबाईंना सांगितलंय, इकडे फडकं नको.
मोजून दोनच चाली आहेत.
एक जिंकते.
दुसरी दिसायला शहाणी आहे.

पाकीट पातळ आहे.
दिव्यापुढे धरलं तर अक्षर दिसेल.
आज बुधवार. अंधारून आलंय,
खालून लसूणवाला ओरडून विचारतोय, सर, वर आहात ना?

आहे, म्हणालो.
दिवा लावलेला नाही.